बोर्ड राहू दे

या घराण्याला बोलण्याचा आजार मूळपुरुषापासून होता, आणि तोही साध्या बोलण्याचा नव्हे, सूचना देण्याचा. मूळपुरुष म्हणजे आत्याचे आजोबा. त्यांनी मोटार शिकवण्याचा धंदा काढला तेव्हा शहरात गाड्या कमी आणि झाडं जास्त होती, त्यामुळे आजोबा म्हणे झाडावर आदळण्यातही शिस्त पाळायला लावत. शेवटच्या घटकेला नाडी धरून बसलेल्या डॉक्टरांना त्यांनी 'आता सावकाश सोडा' असं बजावून डोळे मिटले, आणि डॉक्टरांनी हात खरोखरच सावकाश सोडला. यातलं अर्धं खोटं आहे असं धाकटा, म्हणजे आत्याचा धाकटा भाऊ, म्हणतो. कुठलं अर्धं ते सांगत नाही.

तर अशा या घरात त्या रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर शांतता होती. शेजाऱ्यांना कळतं तर त्यांनी अँब्युलन्स बोलावली असती.

शांततेचं कारण टेबलाच्या टोकाला बसून खाली मान घालून जेवत होतं. थोरल्याचा, म्हणजे आत्याच्या थोरल्या भावाचा, मुलगा नुकताच तुरुंगातून सुटून आला होता. घरात त्याला हाफ्या म्हणत. गाडी शिकताना तो क्लच अर्धा दाबून ठेवायचा, ना धड गिअरमध्ये, ना धड न्यूट्रल. त्यावरून आधी हाफक्लच, आणि तेवढं लांबलचक म्हणायलाही कुणाला फुरसत नसल्यामुळे हाफ्या. मित्रांनी चोरलेला माल त्याने टेम्पोतून नेला होता. 'मी फक्त गाडी चालवली,' हे त्याने पोलिसांना सांगितलं, वकिलाला सांगितलं, न्यायाधीशांना सांगितलं. ते खरंच होतं, आणि शिक्षा त्याचीच झाली.

त्याच्यासमोर देखरेख अधिकारी बसल्या होत्या. सुटून आलेल्या माणसांवर लक्ष ठेवणं हे त्या बाईंचं काम. त्या आल्या तेव्हा घरातल्या तिघांनी तीन बाजूंनी हातवारे करून त्यांना गाडी लावायला मदत केली होती, आणि तरीही त्यांनी ती सरळ लावली होती. तेव्हापासून आत्याच्या मनात त्यांच्याविषयी आदर होता. आत्या स्वतः घरच्या या मोटार शाळेत सगळ्यात जुनी शिकवणारी. लग्न केलं नाही, कारण, ती म्हणे, शेजारच्या सीटवर बसून गप्प राहणारा पुरुष तिला मिळाला नाही.

"मी त्याच्यासमोरच बोलते," बाई म्हणाल्या. "पाठीमागे बोलले तर त्याचा माझ्यावरचा विश्वास जाईल. आत एक माणूस आहे. सगळे त्याला मास्तर म्हणतात. तो माणसं जमवतो. नव्या पोराला पहिल्या दिवशी मार पडला की मास्तर त्याला आपल्या शेजारी जागा देतो, आणि मग शिकवतो, की पुलापलीकडची वस्ती आपल्या मुळावर उठलीय. त्याच्या शिकवणीतली दोन मुलं सुटली आणि पुलापलीकडचं एक दुकान पेटवून आली. आत दुकानाचा म्हातारा झोपला होता."

"गेला?" वहिनींनी विचारलं. वहिनी म्हणजे थोरल्याची बायको, हाफ्याची आई.

"गेला. तुमचा मुलगा मास्तरच्या शेजारी झोपायचा. तो घरी राहणार की सुटलेल्यांच्या वसतिगृहात, एवढं मला ठरवायचंय. वसतिगृहाच्या कोपऱ्यावर मास्तरची माणसं उभीच असतात. म्हणून घर बरं. पण घराला नको असेल तर ते घर नाही."

"तो कुठेही जाणार नाही," वहिनी म्हणाल्या.

"तू थांब," थोरला म्हणाला. "माझ्याकडे निम्मी पोरं पुलापलीकडून शिकायला येतात. याने उद्या एकाच्या अंगावर हात टाकला तर मी त्यांच्या आईबापांना काय तोंड दाखवू?"

"दादा, मला वाटतं अटी घालाव्यात," आत्या म्हणाली. "किती वाजता बाहेर, किती वाजता घरात, फोन कुणाचा..."

"ताई, त्याला इंडिकेटर बसवून घेऊ या," धाकटा म्हणाला. "वळायच्या आधी आपल्याला कळेल तरी."

हाफ्याने मान वर केली. "बाबांचं बरोबर आहे. त्यांची पोरं येतातच. आपल्याकडून शिकतात आणि आपल्याच नोकऱ्यांवर जाऊन बसतात. संयमाचा अर्थ शरणागती नव्हे."

हे शेवटचं वाक्य हाफ्याचं नव्हतं. हाफ्याने आयुष्यात 'शरणागती' हा शब्द वापरला नव्हता, त्याला 'मडगार्ड'सुद्धा नीट म्हणता येत नसे. दुसऱ्याच्या गाडीचा हॉर्न याच्या गाडीतून वाजावा तसं ते वाजलं.

थोरल्याने बाह्या सारल्या. "ऐक, तुला आकडेवारी सांगतो..."

"नका," बाई म्हणाल्या. "वाद तो जिंकेल. त्याची तयारी करून घेतलेली आहे, तुमची नाही. त्याला विचारा."

"काय विचारू?"

"तुम्हाला माहीत नसेल ते."

घरात कुणाला याचा अर्थ कळला नाही. जे माहीत नाही असं काही असतं, हीच या लोकांना नवी बातमी होती. शेवटी आत्याने धडपडत सुरुवात केली. "मास्तर तुला काय म्हणून हाक मारायचे रे?"

हाफ्या म्हणाला, "सारथी."

"सारथी!" धाकट्याला ठसका लागला. "अरे, तुला चढावर गाडी उभी करायची म्हटलं की..."

हाफ्या उठला, ताट मोरीत ठेवलं आणि मागच्या दाराने गॅरेजकडे गेला. दार त्याने आपटलं नाही. आपटलं असतं तर आत्याला बरं वाटलं असतं.

"एवढंच कामाचं बोलला होता," बाई धाकट्याला म्हणाल्या. रागाने नव्हे, पावसाची बातमी सांगावी तसं. जाताना त्या दारात आत्याशी थांबल्या. "तूर्त राहू दे त्याला इथे. काही वेगळं दिसलं तर फोन करा. क्षुल्लक वाटलं तरी."

ते क्षुल्लक तासाभरात दिसलं.

गॅरेजमध्ये शाळेच्या दोन गाड्या होत्या. दोन्ही दुहेरी, म्हणजे शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक. छतावर 'शिकाऊ' लिहिलेला बोर्ड, चार पट्ट्यांनी बांधलेला. हाफ्या फडक्याने काच पुसत होता आणि आत्या उगाचच हवा तपासत होती.

"आत्या, उद्या सकाळी दुसरी गाडी मोकळी आहे?"

"आहे. पुलापलीकडच्या पोरांनी सुट्टी मागितलीय. त्यांच्या सभागृहात सगळ्या वस्तीची बैठक आहे."

"मग मी नेऊ? जरा हात मोकळा करतो."

"ने की. बोर्ड काढून ठेवते."

"नको," तो काच पुसतच म्हणाला. "बोर्ड राहू दे."

आता हे वाक्य बाहेरच्या कुणाला सांगा, त्याला त्यात काहीच दिसणार नाही. पण या घरातलं माणूस खासगी कामाला बोर्डासकट गाडी नेत नाही. दवाखान्यात जातानाही काढतात. थोरल्याने तर स्वतःच्या लग्नाला वऱ्हाड थांबवून पट्ट्या सोडल्या होत्या. ज्याने जन्मभर शिकवलं त्याने डोक्यावर 'शिकाऊ' मिरवायचं, यापेक्षा इथे लोक उघड्याने फिरतील. आणि हाफ्या तर लहानपणी शाळेच्या कोपऱ्यावरच उतरायचा, पोरांना बोर्ड दिसू नये म्हणून.

आत्याने हवेची नळी गुंडाळली. मनातल्या मनात ती त्या बोर्डामागून शहरभर फिरून आली. बोर्डाची गाडी हळू चालते, कुठेही थांबते, चुकीच्या गल्लीत शिरते, आणि कुणी विचारत नाही. पोलीससुद्धा हसून वाट देतात. सभागृहामागच्या पटांगणात ती रोज पोरांना गाडी लावायला शिकवायची. तिथला रखवालदार बोर्ड दिसला की खुर्चीतून उठतही नसे.

"ठीक आहे," ती म्हणाली, आणि स्वयंपाकघरात गेली.

वहिनी भांडी विसळत होत्या. आत्याने सगळं सांगितलं. सांगायला फार नव्हतं, तीन शब्द.

आणि इथे घरातल्या बाजू फिरल्या. टेबलावर 'तो कुठेही जाणार नाही' म्हणणाऱ्या वहिनींनी ओले हात पदराला पुसले आणि म्हणाल्या, "वन्सं, फोन करा बाईंना. आत्ता."

अटी घालायला निघालेली आत्या म्हणाली, "वहिनी, सकाळपर्यंत थांबा."

"कशाला? त्या सभागृहात पोरंबाळं असतील."

"म्हणूनच गाडी माझ्याशिवाय हलणार नाही. पण फोन केला तर त्याला आज उचलतील. परत त्याच बराकीत, त्याच शेजारी. मग तो बाहेर येईल तेव्हा आपल्याला काहीच विचारणार नाही. बोर्डाचंही नाही."

वहिनींनी नळ बंद केला. "तुम्हाला सांगते, मला माझ्या पोराची भीती वाटतेय. हे मी यांना सांगू शकत नाही. यांना सांगितलं की हे भाषण करतील."

"मग असं करू. सकाळी गाडी फाटकाबाहेर पडली की तुम्ही बाईंना फोन करा. मी आडवी येणार नाही."

"आणि यांना?"

"दादालाही सांगा. पण भाषण नको म्हणावं."

सकाळी हाफ्या गाडीत बसला तेव्हा आत्या शेजारच्या सीटवर पट्टा लावून तयार होती.

"तू कशाला?"

"बोर्डाच्या गाडीत एकटा माणूस दिसला की लोक बघतात. दोघं लागतात."

हे खरं होतं, आणि त्याच्या लक्षात आलं नव्हतं. त्याने किल्ली फिरवली. फाटकातून बाहेर पडताना आत्याने आरशात बघितलं, वहिनी खिडकीत फोन कानाला लावून उभ्या होत्या. आत्याने उजवा पाय दुसऱ्या ब्रेकवर ठेवला. दाबला नाही. या धंद्यातला तिचा नियम साधा होता. कुणाचा जीव जात असेल तरच दाबायचा, एरवी नुसता असू द्यायचा. दर वळणाला ब्रेक मारणाऱ्या मास्तरणीच्या हाताखालून कधी ड्रायव्हर तयार होत नाही, प्रवासी होतात.

गाडी त्याने छान चालवली. आत्याच्या तोंडात सूचना दाटून आल्या होत्या, गिअर, आरसा, सायकलवाला, आणि त्या परत गिळताना तिला दाढ काढल्यासारख्या वेदना झाल्या. दोन चौक गेले.

"काही बोलत का नाहीस?" तो म्हणाला.

"कुठे चाललोय?"

"टायरच्या गोदामामागे. तिथे तू उतर आणि बसने घरी जा."

"तिथे काय?"

"दोन खोकी उचलायचीत. मी फक्त गाडी चालवणार आहे."

"कशाची खोकी?"

"विचारायचं नसतं."

"कुणी सांगितलं?"

"मास्तरांनी."

सिग्नल लागला. पलीकडून शाळेची मुलं रस्ता ओलांडत होती, एकाची पाण्याची बाटली घरंगळत गेली आणि अख्खी रांग तिच्यामागे. हाफ्याने स्टिअरिंगवर बोटं वाजवली.

"मास्तर चांगला माणूस असेल," आत्या म्हणाली. "मी भेटले नाही. तुला आवडण्यासारखं काय आहे त्याच्यात?"

त्याने वळून बघितलं, चेष्टा चाललीय का म्हणून. चाललेली नव्हती. "तो ऐकतो," तो म्हणाला. "पहिल्या दिवशी माझा दात पडला होता. त्याने पाणी दिलं आणि विचारलं, काय झालं. मग घरचं विचारलं. शाळेचं, तुझंसुद्धा. सगळं. मधे बोलला नाही एकदाही. आपल्या घरात मी अख्खं वाक्य कधी पुरं केलंय?"

आत्याला उत्तर सुचलं होतं, चांगलं लांबलचक. तिने ते सोडून दिलं. "नाही केलंस," ती म्हणाली.

सिग्नल सुटला.

"त्याने तुला सगळं विचारलं," ती जरा वेळाने म्हणाली. "आपल्या गाड्या कुठे फिरतात, हेही. तू त्याला काय विचारलंस?"

गाडी तिसऱ्या गिअरमध्ये होती, चौथ्यात जायला हवी होती, तिसऱ्यातच कण्हत राहिली.

गोदामामागची गल्ली अरुंद होती. एका बाजूला जुन्या टायरांची भिंत, दुसऱ्या बाजूला बंद शटरं. शेवटी टोपी घातलेला एक माणूस उभा होता, पायाशी दोन खोकी, जाड चिकटपट्टीने गुंडाळलेली. गाडी थांबली. टोपीवाला हाफ्याच्या खिडकीशी वाकला आणि पलीकडे आत्या दिसल्यावर तसाच वाकलेला राहिला.

"ही कोण?"

"नमस्कार," आत्या म्हणाली. "शिकायचंय का? शिकाऊ परवाना काढलाय? डोळे तपासून घ्या आधी. तुमच्या वयात जवळचं जातं."

"म्हातारीला उतरव," टोपीवाला हाफ्याला म्हणाला.

आत्याचा पाय ब्रेकवर होता आणि एका हाताने तिने आपल्या दाराची कडी आतून घट्ट धरून ठेवली होती. हे तिने नंतर कुणाला सांगितलं नाही. धाकट्याला सांगितलं ते असं, की टोपीवाल्याने तिच्याकडे शनिवार-रविवारचा वर्ग लावायचं कबूल केलं होतं.

हाफ्याने हात स्टिअरिंगवरून काढले नाहीत. "खोक्यात काय आहे?"

"काय?"

"खोक्यात. काय आहे?"

टोपीवाल्याने गल्लीच्या तोंडाकडे एकदा बघून घेतलं. "तुला काय करायचंय? तू ड्रायव्हर आहेस. गाडी चालव."

"मास्तर मला..."

"मास्तर आत आहे. इथे मी आहे. डिकी उघड, ड्रायव्हर."

हाफ्या काही क्षण त्या माणसाकडे बघत राहिला. आत्याला त्याचा चेहरा दिसत नव्हता, फक्त कान दिसत होता, आणि तो कान लाल होत चालला होता. ती त्याला एक शब्द बोलली असती तरी त्याने डिकी उघडली असती, असं तिला आजही वाटतं. दोन बाजूंनी सूचना आल्या की माणूस मोठ्या आवाजाची ऐकतो.

हाफ्याने गाडी रिव्हर्समध्ये टाकली.

टोपीवाल्याने खिडकीत हात घातला, पण गाडी हलली तशी त्याला तो काढून घ्यावा लागला. त्या गल्लीतून उलटं बाहेर पडायचं म्हणजे दोन्हीकडे वीतभर जागा. हाफ्याने वेग वाढवला नाही. मान मागे वळवून, क्लच अर्धा धरून तो गाडी सरळ, संथ मागे घेत गेला, आणि समोरच्या काचेत टोपीवाला खोक्यांजवळ उभा राहून कुणाला तरी फोन लावत लहान लहान होत गेला.

मुख्य रस्त्यावर आल्यावर हाफ्याने गाडी कडेला घेतली, दार उघडलं आणि गटाराशी ओकला. आत्याने पाण्याची बाटली पुढे केली.

"ते आता दुसऱ्या कुणाला तरी सांगतील," तो तोंड पुसत म्हणाला. "दुसऱ्या गाडीने नेतील."

"हो."

"बैठक किती वाजता आहे?"

"अकराला."

त्याने घड्याळ बघितलं. "मी मास्तरांच्या माणसांना भेटलो हे कळलं तरी मला परत आत टाकतील. सुटतानाची अटच आहे ती."

"हो."

"नुसतं हो हो काय करतेस?"

"काय करू, असं तू विचारलंस का?"

त्याने गाडी सुरू केली. देखरेख कार्यालय तीन गल्ल्या पलीकडे होतं.

तिथे बाकावर थोरला बसला होता. दाढी अर्धीच झालेली, अंगात घरातला सदरा, पायात एक आपली आणि एक धाकट्याची चप्पल. शेजारी वहिनी. हाफ्याला बघून थोरला उठला. त्याचं तोंड उघडलं, वहिनींनी त्याचा दंड धरला, आणि ते तसंच मिटलं.

बाई आपल्या खोलीच्या दारात आल्या. "तुझ्या आईने फोन केला होता," त्या हाफ्याला म्हणाल्या. "बोर्डाचं आणि सभागृहाचं सांगितलं. पुलापलीकडे मी कळवलंय, सभागृह रिकामं करताहेत. त्यापुढचं मला माहीत नाही."

"मी सांगतो."

"बस आधी. तुला एक सांगणं माझं काम आहे. तू कुणाला भेटलास हे माझ्यासमोर बोललास की मला ते वर कळवावं लागेल. परत आत जावं लागू शकतं. दुसऱ्या बराकीत ठेवायला सांगेन, पण ते ऐकतीलच याची खात्री नाही. हवं तर वकील बोलावते. हवं तर घरी जा, आईशी बोल, विचार कर, उद्या ये. सभागृहाचं काम मी आहे तेवढ्यावर भागवीन."

वहिनींनी आत्याकडे बघितलं. आत्याने थोरल्याकडे. तिघांकडेही सांगण्यासारखं होतं, तिघांचं वेगवेगळं होतं, आणि तिघंही गप्प राहिले.

"उद्या नको," हाफ्या म्हणाला.

"का?"

"उद्यापर्यंत थांबलो तर मला परत मास्तरांचं पटेल." तो दाराकडे सरकला. "अजूनही थोडं पटतंच. म्हणून आत्ता लिहून घ्या."

बाईंनी दार पूर्ण उघडलं. "सोबत एक जण बसू शकतो. कोण हवंय?"

आत्या अर्धी उठली होती. हाफ्याने तिच्याकडे बघितलं, आईकडे बघितलं, आणि मग त्या दोन वेगवेगळ्या चपलांकडे.

"बाबा," तो म्हणाला. "वेळ लागेल. मला सगळं बोलू द्याल?"

थोरल्याने मान हलवली. आत गेल्यावर त्याने भिंतीशी असलेली खुर्ची उचलली, मुलाच्या शेजारी, जरा मागे ठेवली, आणि बसला.